विकत न घेतलेला फायटर

समजा, तुम्ही ‘स्ट्रीट फायटर ६’ घेतलाय. मूळ गेमबरोबर मिळालेल्या अठरा फायटरांत तुम्ही खूश आहात, नंतर वेगळे पैसे भरून घ्यायचे फायटर तुम्ही घेतलेले नाहीत. एका संध्याकाळी ऑनलाइन सामना लागतो आणि समोरचा खेळाडू अकुमाला घेऊन उतरतो. अकुमा मे २०२४मध्ये आला, तोही पैसे मोजून घ्यायचा फायटर म्हणून. तुम्ही त्याच्यासाठी एक रुपया दिलेला नाही. तरीही तुमच्या पडद्यावर तो अख्खाच्या अख्खा उभा आहे. त्याचे केस, त्याचा आवाज, त्याची प्रत्येक लाथ, कशातही काटछाट नाही. मग हा तुमच्या मशिनमध्ये आला कुठून? आणि तो तिथे आहेच, तर तुम्हाला का निवडता येत नाही?

पुष्कळांना वाटतं की समोरच्याच्या घरून त्याचं चित्रण आपल्याकडे येत असावं. तसं काही येत नाही. अकुमा तुमच्याच मशिनमध्ये आहे. ज्या दिवशी तो विक्रीला आला, त्याच सुमाराच्या अपडेटमधून तो तुमच्याकडे उतरला आणि तेव्हापासून तुमची जागा व्यापून बसला आहे. यात फसवणूक आहे असं वाटणं साहजिक आहे. पण फायटिंग गेम दोन घरांत एकाच वेळी कसा चालतो हे कळलं, की यातलं किती अपरिहार्य आहे आणि किती निव्वळ धंद्याचा भाग आहे, हे वेगळं करता येतं. विकत घेणाऱ्याला ते वेगळं करता यायलाच हवं, म्हणून हा लेख.

पत्रातलं बुद्धिबळ

पूर्वी वेगवेगळ्या गावांत राहणारे लोक पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळत. कार्डावर पटाचं चित्र काढायची गरज नसे. ‘घोडा अमुक घरात’ एवढी खेळी लिहिली की पुरे. दोघांच्याही घरी आपापला पट मांडलेला असायचा. पत्र आलं की समोरच्याची खेळी आपल्या पटावर करायची, मग आपली करायची आणि ती कळवायची. दोघांनी चूक केली नाही, तर महिनोन्‌महिने दोन्ही पट सारखेच राहत.

बहुतेक फायटिंग गेम ऑनलाइन असेच चालतात. गेम सेकंदाला साठ वेळा पुढे सरकतो. यातल्या एकेका पावलाला फ्रेम म्हणतात. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, साधारण १६.७ मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेमला तुमचं मशीन समोरच्याला इतकंच कळवतं, की स्टिक कुठल्या दिशेला आहे आणि कोणती बटणं दाबलेली आहेत. ठोसा लागला की नाही, किती रक्त कमी झालं, कोण कुठे पडलं, यातलं काहीही पाठवलं जात नाही. तो सगळा हिशेब दोन्ही घरची मशिनं स्वतंत्रपणे करतात. बटणं तीच आणि नियम तेच, त्यामुळे उत्तरही तेच येतं.

गोळीबाराच्या बऱ्याच गेममध्ये मधे एक सर्व्हर असतो. खरी परिस्थिती तो ठरवतो आणि सगळ्यांना कळवतो. दोनच माणसं समोरासमोर असताना आणि साठाव्या भागाला किंमत असताना हा वळसा परवडत नाही. म्हणून फायटिंग गेमने पत्राची वाट धरली.

या वाटेची एक अट फार कडक आहे. दोन्ही पट आणि दोन्हीकडचे नियम तंतोतंत एक हवेत. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीत एकच घर चालतं, आंतरराष्ट्रीय नियमांत ते दोन घरं जाऊ शकतं. एकाने देशी नियम धरले आणि दुसऱ्याने आंतरराष्ट्रीय, तर दोन-चार पत्रांतच एकाचा वजीर मेलेला आणि दुसऱ्याचा जिवंत अशी अवस्था होईल. गेममध्ये असं झालं तर तुमच्या पडद्यावर तुम्ही जिंकलेले असाल आणि त्याच्या पडद्यावर तो. त्यासाठी मशिनं मधूनमधून आपल्या हिशेबाचा एक छोटा गोषवारा एकमेकांशी ताडून पाहतात. तो जुळला नाही तर सामना तिथेच रद्द होतो.

अपडेट केल्याशिवाय ऑनलाइन का जाऊ देत नाहीत, ते इथे कळतं. तुमच्याकडे मागच्या महिन्याचे नियम आणि त्याच्याकडे आजचे असतील, तर सामना होऊच शकत नाही. आणखी एक गोष्ट खेळाडूंना चटका लावून जाते. आपण जपून ठेवलेले सामन्यांचे रिप्ले मोठ्या अपडेटनंतर चालेनासे होतात. कारण रिप्ले म्हणजे व्हिडिओ नव्हे. तीही दाबलेल्या बटणांची यादीच असते आणि मशीन तो सामना पुन्हा ‘खेळून’ दाखवतं. नियम बदलले की त्याच बटणांतून वेगळाच सामना घडेल, म्हणून गेम तो रिप्ले उघडायलाच नकार देतो. एखादा सामना कायमचा जपायचा असेल तर अपडेट येण्याआधी त्याचा व्हिडिओ काढून ठेवावा, हाच उपाय.

मग पैसे कशाचे?

आता अकुमाकडे वळू. समोरच्याने त्याला निवडलं, की तुमच्या पटावरही ते मोहरं असायलाच हवं. अकुमाची लाथ किती लांब जाते हे तुमच्या मशिनला ठाऊक नसेल तर हिशेब होणार कसा? म्हणून नवा फायटर सगळ्यांच्या मशिनमध्ये पोचवावाच लागतो, ज्यांनी घेतला त्यांच्याही आणि ज्यांनी नाही घेतला त्यांच्याही. पैसे भरले की तुमच्या खात्यावर एक नोंद होते, ‘या माणसाला अकुमा निवडण्याची परवानगी आहे.’ फायटर निवडायच्या पडद्यावर गेम तेवढी नोंद तपासतो. माल सगळ्यांकडे आहे, विकली जाते ती परवानगी.

असा जादा माल म्हणजे डीएलसी, गेम बाजारात आल्यानंतर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा भाग. सुरुवातीला ही व्यवस्था ओबडधोबड होती. २०११च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये स्कार्लेट, केंशी, रेन आणि सिनेमातला फ्रेडी क्रूगर असे चार फायटर नंतर विकायला आले. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांच्यासाठी वेगळे फुकट पॅक ठेवले होते. ते उतरवून घेतले की त्या फायटरांविरुद्ध खेळता यायचं. आज हीच गोष्ट अपडेटमध्ये आपोआप होते.

याच तांत्रिक गरजेच्या आडोशाने एक वाईट प्रकारही घडला. मार्च २०१२मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ आला. लोकांनी डिस्कमधल्या फायली उघडून पाहिल्या तर त्यात बारा फायटर आधीच भरलेले होते, पण कुलूपबंद. काही महिन्यांनी ते पैसे घेऊन खुले होणार होते. कॅपकॉमचं म्हणणं असं, की घेणारे आणि न घेणारे एकमेकांशी खेळू शकावेत म्हणून ते डिस्कवर ठेवले. वर सांगितलेली यंत्रणा पाहिली तर हे कारण खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. फायटर विक्रीच्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या मशिनमध्ये पोचायला हवा, एवढंच यंत्रणा मागते. पहिल्या दिवशी तयार असलेलं काम पूर्ण किंमत दिलेल्या गिऱ्हाइकापासून दडवून ठेवा, असं ती सांगत नाही. गेम बाजारात आल्यावर वर्षभर खपून केलेल्या कामाचे पैसे मागणं वेगळं आणि विकलेल्या डिस्कवरच्या कामाचे दुसऱ्यांदा मागणं वेगळं. तेव्हा खेळाडू चिडले ते योग्यच होतं.

एका आकड्याचा खेळ

अपडेटमध्ये नवे फायटर, पोशाख, मैदानं येतात आणि जाहिरातही त्यांचीच होते. डाउनलोडमधली जागाही तेच खातात, कारण शरीराचा घाट, कपड्यांचा पोत, आवाज यांच्या फायली प्रचंड असतात. पण गेम खऱ्या अर्थाने बदलणारी गोष्ट त्यातली सर्वांत लहान असते, ती म्हणजे आकड्यांचं कोष्टक.

प्रत्येक ठोशाचे तीन भाग असतात. बटण दाबल्यापासून ठोसा लागू शकण्यापर्यंतचा वेळ, तो लागू शकतो तेवढा वेळ, आणि हात मागे घेऊन सावरायला लागणारा वेळ. तिन्ही फ्रेममध्ये मोजतात. समोरच्याने ठोसा अडवला, तर दोघेही क्षणभर अडकतात. त्यातून आधी कोण मोकळा होतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मारणारा दहा फ्रेम उशिरा मोकळा होत असेल तर खेळाडू त्या चालीला ‘वजा दहा’ म्हणतात.

‘टेकन’ या फायटिंग गेमचं उदाहरण जवळून पाहू. तिथे साधारणपणे सर्वांत झटपट ठोसा दहा फ्रेममध्ये लागतो. तुमची लाथ अडवल्यावर वजा नऊ असेल, तर समोरच्याने क्षणाचाही विलंब न लावता ठोसा मारला तरी तुम्ही नेमके सावरून तो अडवू शकता. लाथ सुरक्षित. तीच लाथ वजा दहा असेल, तर तो ठोसा लागणारच. तुमचा हात कितीही चपळ असला तरी उपाय नाही. याला खेळाडू ‘पनिश’ म्हणतात. नऊ आणि दहा यांतला फरक सेकंदाच्या साठाव्या भागाचा, पण एक लाथ बिनधास्त वापरता येते आणि दुसरी वापरली की मार खावा लागतो.

डोळ्याने पाहून प्रतिक्रिया द्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम. तेव्हा नऊ की दहा हे कुणी बघून ठरवत नाही. ते पाठ असतं, हातात मुरलेलं असतं. ‘हिची ही लाथ अडवली की मारायचं, ती अडवली की गप्प बसायचं’ हे शेकडो तासांच्या सरावाने बोटांत उतरतं. अपडेटने कोष्टकातला एक आकडा नऊचा दहा केला, की त्या फायटरवर मेहनत घेतलेल्या प्रत्येकाला ती सवय मोडून नवी लावावी लागते. अपडेटबरोबर छापल्या जाणाऱ्या बदलांच्या यादीवर, म्हणजे पॅच नोट्सवर, खेळाडू परीक्षेच्या निकालासारखे का तुटून पडतात, ते यावरून समजावं.

म्हणूनच एका गोष्टीबद्दल मला अजून राग आहे. ‘टेकन ७’मध्ये हे आकडे पडद्यावर दाखवण्याची सोय २०१९मध्ये आली, तीसुद्धा वेगळे पैसे लावून. पोशाख विका, फायटर विका. पण खेळाचे नियम वाचायचे पैसे लावू नयेत. ‘टेकन ८’ आणि ‘स्ट्रीट फायटर ६’ या दोन्हींत सरावाच्या मैदानात ही माहिती मूळ गेममध्येच मिळते. तेच रास्त आहे.

| चौकट : यंत्रणा थोडक्यात |
|---|
| ऑनलाइन सामन्यात फक्त बटणं पाठवली जातात, बाकी हिशेब दोन्ही मशिनं स्वतंत्रपणे करतात. |
| म्हणून दोघांकडे एकच आवृत्ती लागते. अपडेट टाळता येत नाही. |
| नवा फायटर सगळ्यांच्या मशिनमध्ये उतरतो. पैसे भरून मिळते ती त्याला निवडण्याची परवानगी. |
| फायटरांच्या ताकदीतले बदल सगळ्यांना फुकट आणि सगळ्यांना सक्तीचे असतात. |

नवा गडी, नवं राज्य

डिसेंबर २०१९मध्ये ‘टेकन ७’मध्ये लिरॉय स्मिथ हा नवा फायटर आला. विंग चुन शैलीने लढणारा, सोबत कुत्रा बाळगणारा, भारदस्त माणूस. जानेवारी २०२०च्या शेवटी चिबा इथल्या माकुहारी मेस्सेमध्ये इव्हो जपान ही मोठी स्पर्धा झाली. अंतिम आठांतले सहा खेळाडू लिरॉयला घेऊन उतरले होते. जिंकला तो थायलंडचा खेळाडू बुक, त्याच्याकडेही लिरॉयच. वर्षानुवर्षं आपापले फायटर घोटवलेले लोक महिना-दोन महिन्यांच्या नवख्याकडे वळले, कारण त्याच्याकडे प्रत्येक प्रसंगासाठी एक सुरक्षित आणि जबर चाल होती. पुढच्या अपडेटांनी त्याची ताकद उतरवली.

‘पैसे भरा आणि जिंका’ हा आरोप अशा वेळी होतोच. त्यात तथ्य नाही असं म्हणवत नाही. नवा फायटर दुबळा निघाला तर तो कोण घेणार, हा विचार विकणाऱ्याच्या मनात असणारच. पण सगळा दोष लोभावर टाकता येत नाही. कंपनीतले चाचणी करणारे निष्णात असले तरी मोजके असतात. फायटर बाहेर पडला की जगभरचे हजारो लोक रात्रंदिवस त्याच्यातल्या फटी शोधू लागतात. पहिल्या आठवड्यातच त्या थोड्यांच्या कित्येक महिन्यांपेक्षा जास्त सामने होऊन जातात. त्यात समोरच्यांना त्याच्या चाली पाठ नसतात, कोणती अडवून मारायची हे ठाऊक नसतं. त्यामुळे साधारण ताकदीचा नवखाही पहिल्या महिन्यात राक्षस वाटतो. लिरॉय खरोखरच जास्त ताकदवान होता, पण नव्याने आलेल्या प्रत्येकाबद्दल लगेच असा निकाल देऊ नये.

पार्लरच्या जमान्यात

फायटिंग गेममध्ये नंतर भर घालायची पद्धत इंटरनेटच्या आधीची आहे. १९९१मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आला, तेव्हा त्यात निवडता येणारे आठच फायटर होते. १९९२च्या ‘चॅम्पियन एडिशन’मध्ये चार खलनायकही खेळता येऊ लागले. त्याच वर्षाअखेरीस ‘हायपर फायटिंग’ आला, वेग वाढवून. १९९३मध्ये चार नव्या फायटरांसह ‘सुपर’ आणि १९९४मध्ये ‘सुपर टर्बो’. दर वेळी व्हिडिओ गेम पार्लरवाल्याला मशिनमध्ये नवा बोर्ड बसवावा लागे. अपडेटचे पैसे तो भरायचा आणि आपण नाण्या-नाण्याने फेडायचो.

‘हायपर फायटिंग’ येण्यामागे चोरटे बोर्डही होते. कुणीतरी मूळ प्रोग्रॅममध्ये फेरफार करून ‘रेनबो एडिशन’सारख्या आवृत्त्या बाजारात सोडल्या. त्यात हवेत उडताना आगीचे गोळे फेकता येत, गोळे माणसाचा पाठलाग करत, सामना चालू असताना फायटर बदलता येई. लोकांना तो धुमाकूळ आणि तो वेग आवडला. कॅपकॉमला अधिकृत वेगवान आवृत्ती काढावी लागली. आपल्याकडच्या पार्लरमध्येही असे नकली बोर्ड सर्रास असत. एका गल्लीतला केन हा फायटर हवेतून गोळे सोडतो आणि दुसऱ्या गल्लीतला सोडत नाही, हे कोडं नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात वाढलेल्या अनेकांना पडलं असेल. त्याचं उत्तर हेच, दोन मशिनांत दोन वेगळे बोर्ड.

घरच्या कन्सोलवर हाच प्रकार डिस्कने झाला. ‘स्ट्रीट फायटर ४’ २००९मध्ये घरी आला. २०१०मध्ये ‘सुपर’ ही वेगळी डिस्क, २०११मध्ये ‘आर्केड एडिशन’, २०१४मध्ये ‘अल्ट्रा’. ज्याने नवी डिस्क घेतली नाही तो जुन्या गर्दीत मागे राहिला आणि ती गर्दी महिन्यागणिक विरळ होत गेली. १६ फेब्रुवारी २०१६ला आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ५’ने हे मोडलं. एकच डिस्क, बाकी सगळं अपडेटमधून. इतकंच नव्हे, तर खेळून मिळवलेल्या गुणांच्या पैशातूनही नवे फायटर घेता येत. सोळा फायटरांनी सुरू झालेला तो गेम नोव्हेंबर २०२१मध्ये ल्यूक येईपर्यंत चाळीसच्या पुढे गेला.

पण ‘नंतर भर घालू’ ही सोय हाताशी आली की अर्धवट माल विकायचा मोह होतो, आणि तोही याच गेममध्ये दिसला. पहिल्या दिवशी त्यात एकट्याने खेळायचा आर्केड मोडच नव्हता. तो फुकट मिळाला खरा, पण जानेवारी २०१८मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी. सप्टेंबर २०१६मध्ये तर पीसीवरच्या एका अपडेटने लबाडी रोखण्याच्या नावाखाली संगणकाच्या अगदी गाभ्यात काम करणारी एक फाईल बसवली. तिच्यातून दुसरा कुणीही प्रोग्रॅम घुसू शकतो हे लक्षात येताच गदारोळ झाला आणि कॅपकॉमला ती तातडीने मागे घ्यावी लागली. अपडेट आपोआप उतरतं, म्हणजे आपण न पाहता घराची किल्ली दिलेली असते, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आलं.

न दिसणारी दुरुस्ती

मुंबई ते टोकियो हवाई अंतर साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सरळ तार टाकली तरी बटण तिकडे पोचायला दोन फ्रेम लागणार. प्रत्यक्षात तार वळसे घेते, मधे उपकरणं असतात, त्यामुळे वेळ याहून बराच जास्त लागतो. हे निसर्गाचं बंधन आहे, कोणतीही कंपनी ते तोडू शकत नाही.

जुनी पद्धत म्हणजे पत्र येईपर्यंत थांबायचं. तुम्ही बटण दाबलं तरी गेम समोरच्याचं बटण येईपर्यंत ते राखून ठेवायचा. हात जड झाल्यासारखं वाटायचं आणि पाठ केलेल्या चाली चुकायच्या. टोनी कॅनन या अमेरिकी प्रोग्रॅमरने, जो इव्हो स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक आहे, २००६च्या सुमारास ‘जीजीपीओ’ नावाचं वेगळं तंत्र आणलं. पत्राची वाट पाहायचीच नाही. समोरचा मघाशी जे करत होता तेच करत असेल असं धरून पुढे खेळायचं. पत्र आलं आणि अंदाज बरोबर निघाला तर उत्तम. चुकला, तर मोहरी मागे नेऊन खरी खेळी करायची आणि तिथपासून पुन्हा आतापर्यंत यायचं, तेही पुढची फ्रेम दिसायच्या आत. याला रोलबॅक म्हणतात. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण सेकंदाला साठ फ्रेम असल्या तरी माणूस त्यातल्या थोड्याच फ्रेमला बटण बदलतो.

चालू गेममध्ये रोलबॅक नंतर घालणं मात्र महाकठीण असतं. गेमला कोणत्याही क्षणाची पूर्ण स्थिती जपून ठेवता यायला हवी आणि अनेक फ्रेमचा हिशेब एका फ्रेमच्या वेळात उरकता यायला हवा. वाजून गेलेला आवाज, उडालेली ठिणगी, हलणारा कॅमेरा, सगळं मागे नेता आलं पाहिजे. २०१८च्या जानेवारीत आलेल्या ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ला रोलबॅक मिळालं २०२४मध्ये. ‘गिल्टी गिअर डबल एक्स अॅक्सेंट कोर प्लस आर’ या जुन्या गेमला २०२०मध्ये पीसीवर ते मिळालं आणि रिकाम्या पडलेल्या गेममध्ये पुन्हा माणसं आली. माझ्या मते फायटिंग गेमला नंतर मिळालेली सर्वांत मोठी देणगी एखादा फायटर नसून हीच आहे. शहरात शेजारी खेळाडू नसलेल्या, कोल्हापूर-नागपुरात एकट्याने सराव करणाऱ्या पोराला याच्यामुळे दूरचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळतो.

न बदललेला गेम

एप्रिल २०२५मध्ये ‘टेकन ८’चा दुसरा सीझन सुरू झाला. त्याआधी बचाव मजबूत करू असं सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात अपडेट उतरल्यावर खेळाडूंना उलटंच जाणवलं. हल्ला आणखी जोरकस झाला होता आणि अनेक फायटरांच्या जुन्या उणिवा भरून टाकल्यामुळे सगळे एकाच पठडीतले वाटू लागले होते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात नापसंतीच्या शेऱ्यांचा ढीग पडला. काही आठवड्यांत तातडीची दुरुस्ती करावी लागली, मग आणखी एक. या काळात पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाला ‘मला मागच्या महिन्याचा गेम आवडत होता, तोच ऑनलाइन खेळू द्या’ असं म्हणायची सोय नव्हती. पत्रातल्या बुद्धिबळाच्या अटीची ही कडू बाजू आहे. नियम सगळ्यांचे एकच हवेत, म्हणून ते बदलायचा अधिकार एकाच हातात राहतो.

दुसऱ्या टोकाला आहे ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’. २००१मध्ये निंटेंडोच्या गेमक्यूबवर आला. घरी आणलेली डिस्क बदलण्याचा काही मार्गच नव्हता. त्यात तोल फारसा नाही, चार-सहा फायटर इतरांपेक्षा उघडच वरचढ आहेत. तरीही तो आजपर्यंत स्पर्धांत खेळला जातो आणि गंमत म्हणजे कोण किती ताकदवान, याबद्दलची मतं बदलतच राहतात. योशीला बरीच वर्षं कुणी विजेतेपदाचा फायटर मानत नव्हतं. जपानचा आम्सा त्यालाच धरून राहिला, त्याच्या हालचालींतल्या बारीक शक्यता शोधत राहिला आणि ऑक्टोबर २०२२मध्ये ‘द बिग हाउस १०’ ही मोठी स्पर्धा त्याने जिंकली. कोष्टकातला एकही आकडा न बदलता.

यावरून अपडेट नकोच असं मी म्हणणार नाही. लिरॉयला तसाच सोडला असता तर ‘टेकन ७’ कंटाळवाणा झाला असता. पण तक्रार झाली की लगेच आकडा बदलण्यापेक्षा खेळाडूंना उत्तर शोधायला काही महिने द्यावेत. पाठ केलेलं ज्ञान ही खेळाडूची कमाई असते, ती दर तिमाहीला पुसू नये.

दुकान बंद झालं की

परवानगी विकत घेतली, तर ती तपासणारा कुणीतरी टिकायला हवा. निंटेंडोने मार्च २०२३मध्ये वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या मशिनांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. तिथल्या ‘स्मॅश’साठी क्लाउड, रियू, बायोनेटा असे सात जादा फायटर होते. ज्यांनी तोवर घेतले नाहीत त्यांना आता अधिकृतपणे ते मिळत नाहीत. पाहुण्या फायटरांचा करार संपला की अख्खा गेमही जाऊ शकतो. मार्व्हलशी झालेला करार संपल्यामुळे ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ आणि ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ हे दोन्ही डिसेंबर २०१३मध्ये ऑनलाइन दुकानांतून उतरवले गेले आणि परतायला अनेक वर्षं लागली. ‘मल्टिव्हर्सस’ हा फुकट खेळायचा, पण आतल्या गोष्टींना पैसे लावणारा गेम मे २०२४मध्ये पुन्हा वाजतगाजत सुरू झाला आणि ३० मे २०२५ला त्याचं ऑनलाइन बंद झालं. ज्यांच्या मशिनमध्ये तो उतरवलेला होता त्यांना घरातल्या घरात खेळण्याची सोय तरी ठेवली, हे बरं झालं.

तेव्हा सीझन पास, म्हणजे येणाऱ्या काही फायटरांचा गठ्ठा, घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, इंटरनेट नसताना गेम किती चालतो आणि विकत घेतलेले फायटर तेव्हा निवडता येतात का. दुसरी, त्या पासमधल्या फायटरांपैकी तुम्ही खरोखर किती खेळणार आहात. बहुतेकांचा एकच फायटर असतो, फार तर दोन, आणि ते सुटेही मिळतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये मर्यादित वेळासाठी फायटर वापरून पाहण्याची तिकिटं मिळतात, ती आधी वापरा. मूळ गेमच घ्यायचा असेल आणि घाई नसेल, तर सगळे फायटर एकत्र असलेली आवृत्ती येईपर्यंत थांबा. ती बहुधा येते, आणि तोवर आकड्यांची मोठी उलथापालथही निवलेली असते.